माझ्या लोकरीचा नकाशा

नातीनं लोकर मागितली आणि मी दिली. माझ्याकडून झालं ते एवढंच. पुढचं सगळं आपोआप झालं, असं मी आजही म्हणते. (घरात कुणी मानत नाही. तुम्ही बाहेरचे आहात, तुम्ही तरी माना.)

नात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिथं त्यांना एक प्रोजेक्ट करावं लागतं. प्रोजेक्ट म्हणजे काय, तर जे काम कुणी सांगितलेलं नाही ते स्वतःच शोधायचं, स्वतःच करायचं आणि मग बरोबर झालं का म्हणून दुसऱ्याला विचारायचं. आमच्या वेळी याला उद्योग म्हणायचे, आणि त्याच्या आधी 'नसते' लावायचे.

तिचं पहिलं प्रोजेक्ट मॅडमनी परत पाठवलं होतं. हे दुसरं. हेही गेलं तर वर्ष गेलं. मैत्रिणी नोकरीला लागणार आणि ही पुन्हा त्याच बाकावर. त्यामुळे पोरगी घास हातात धरून भिंतीकडे बघत बसायची.

या खेपेला तिनं ठरवलं, विद्यार्थ्यांना आठवण करून देणारं अ‍ॅप बनवायचं. मोबाईलच सांगणार, ऊठ, अंघोळ कर, अभ्यासाला बस, आता जरा पाय मोकळे कर.

"म्हणजे मी," मी म्हटलं.

"तू नाही गं आजी. तू सगळ्यांना एकच सांगतेस आणि ओरडून सांगतेस. अ‍ॅप आधी बघणार, मुलं दिवसभर खरोखर काय करतात, कधी करतात. मग त्याप्रमाणे हळूच आठवण देणार."

"हळू सांगून कोण उठलंय आजवर?"

(माझ्या बोलण्याला उत्तर नसलं की घरातले लोक 'बरं' म्हणतात. ती "बरं" म्हणाली.)

विद्यार्थी शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. आमच्या वरच्या खोलीत सूनबाईनं तीन मुली भाड्यानं ठेवल्या आहेत. त्यांना नावं आहेत, चांगली आहेत, पण हाक मारायला लांब पडतात. म्हणून मी माझी ठेवली. एक लांबडी. ती डॉक्टर होणार आहे आणि जिन्याच्या चौकटीवर रोज डोकं आपटते, म्हणजे पहिला पेशंट घरचाच. दुसरी पुटपुटी. ती वकिलीचं शिकते आणि कायद्याची कलमं कठड्याला ऐकवत असते. तिसरी गाठोडं, कारण ती सदा पांघरुणात गुंडाळलेली. ती काय शिकते ते अजून कुणाला कळलेलं नाही. बहुतेक तिलाही नाही.

परीक्षेची सुट्टी लागलेली, तिघी दिवसभर घरातच. नातीनं त्यांच्या मोबाईलमध्ये काहीतरी घालून दिलं. उठलं की दाबायचं, अंघोळीला गेलं की दाबायचं, अभ्यासाला बसलं, अभ्यासातून उठलं, खाली आलं, गॅलरीत गेलं, सगळ्याला दाबायचं. फक्त काय आणि कधी. का, ते नाही.

"का ते नको?" मी विचारलं.

"कारण लिहायला लावलं की लोक खोटं लिहितात."

(हे मात्र बरोबर. मीही तेच केलं असतं.)

आणि हे सगळं नीट दिसावं म्हणून पुढच्या खोलीच्या भिंतीवर नकाशा करायचा ठरला. डावीकडे सकाळ, उजवीकडे रात्र. खाली अंथरूण, त्याच्यावर न्हाणीघर, त्याच्यावर अभ्यासाचं टेबल, सगळ्यात वर गॅलरी आणि जिना. प्रत्येक मुलीचा एक धागा. ती जिथं असेल तिथं टाचणी, धागा तिच्याबरोबर वर चढणार, खाली उतरणार. धाग्यासाठी लोकर हवी. लोकर माझ्या टोपलीत. हिरवी, पिवळी, लाल, काळी.

"अगं, तुझाच स्वेटर विणतेय. एक बाही राहिली आहे."

"आजी, पास नाही झाले तर स्वेटर घालून जायचं कुठं?"

दिली लोकर. काय करणार.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. शाळेनं आणि मी चौथीत एकमेकींची रजा घेतली. गुडघे दुखतात. टीव्हीवरच्या बायका माझ्यापेक्षा जास्त रडतात, त्यामुळे ते बघवत नाही. स्वयंपाकघरात सूनबाई येऊ देत नाही, कारण मी साखरेच्या डब्यात मीठ भरलं होतं. (एकदाच. बरं, दोनदा. पाहुण्यांचं धरलं तर तीनदा.) तेव्हा करमणुकीची सोय माझी मलाच करावी लागते.

सकाळी मी लवकर उठते. नात पहिल्या बसनं कॉलेजला गेलेली, बाकी घर झोपलेलं. म्हातारीनं एकटीनं बसून करायचं काय? मग मी मागच्या दारात जाते आणि ओरडते, "पाणी चाललं गं, पाणी चाललं!" की वर धडाधडा पाय वाजतात आणि तिघी बादल्या घेऊन खाली. नळाला धो धो पाणी असतं. मी म्हणते, "आलं वाटतं परत." अधूनमधून पाणी खरंच जायचं, त्यामुळे माझी पत टिकून होती.

मग गुडघे शेकायचे. शेकायची पिशवी विजेवर चालते आणि माझ्या खुर्चीजवळ प्लग एकच. त्यात इंटरनेटची काळी पेटी खुपसलेली. ती काढते, माझी लावते. आता हे काही मी मुद्दाम करत नाही. (दुसरा प्लग पलंगामागं आहे. पण वाकावं लागतं. आणि वाकलं की वरची पळापळ ऐकायची मजा जाते.)

दुपारी जेवणं झाली की मी फाटकापाशी जाते, बेल दाबते आणि आवाज जाड करून म्हणते, "कुरिअर! पार्सल आहे!" तिघींनीही काही ना काही मागवलेलं असतंच. हल्ली मुली अभ्यास कमी आणि मागवामागवी जास्त करतात. तिघी खाली येतात, रस्त्यावर कुणी नसतं. मी तेवढ्यात कुंड्यांशी काहीतरी खुडत असते. "गेला वाटतं. घाईत असतात बिचारे," म्हणते. खरा कुरिअरवालाही त्याच सुमाराला यायचा, त्यामुळे संशय यायला जागा नव्हती.

आणि संध्याकाळी बिस्किटांचा डबा लपवायचा. रोज नवी जागा. घरभर शोधाशोध चालते, चहा निवतो, मी आरामखुर्चीत.

एवढंच. बाकी दिवसभर मी कुणाच्या अध्यातमध्यात नसते.

तर नकाशा तयार झाला. नात भिंतीसमोर हात जोडून उभी राहिल्यासारखी उभी.

"आजी, हे बघ! तीन मुली, तीन स्वभाव, तीन वेगळे अभ्यास. पण इथं बघ, सकाळी तिघींचे धागे एकदम अंथरुणातून वर! रोज! इथं पुन्हा, अभ्यास रंगात आला की तिघी एकदम गॅलरीत. मी एकदा घरी होते तेव्हा पाहिलंय, दोन्ही हात वर करून उभ्या होत्या. आखडलेलं अंग मोकळं करतात बघ! आणि दुपारी तिघी एकदम जिना उतरतात. आजी, विद्यार्थ्यांच्या दिवसाला एक लय असते!"

"चांगल्या घरच्या मुली आहेत," मी म्हटलं.

तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं. मी माझी लोकर बघत होते. तिन्ही रंग जागोजागी एकाच टाचणीला घट्ट बांधलेले. मनात आलं, हे सोडवताना माझे डोळे जाणार.

त्या लयीवर तिनं अ‍ॅप बांधलं आणि कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलींना वापरायला दिलं. दोन-चार दिवसांनी घरी आली ती दप्तर फेकूनच.

"शिव्या दिल्या मला सगळ्यांनी. म्हणे, अभ्यास छान चालला होता आणि मधेच तुझं अ‍ॅप म्हणतं, गॅलरीत जा. दुपारी झोप लागली होती आणि अ‍ॅप म्हणतं, आता जिना उतरा. एकीनं विचारलं, उतरून काय करू? मला सांगता येईना!"

"परत चढायचं म्हणावं."

"आजी, हसू नकोस. मॅडमनी काय विचारलं माहितीये? या तीन मुली खऱ्या आहेत का, की घरी बसून मनानंच टाचण्या मारल्यास? बनवाबनवी निघाली तर नापास, असं स्पष्ट म्हणाल्या. उद्या स्वतः बघायला येणार आहेत."

मला राग आला. माझी नात आणि बनवाबनवी! आमच्या घरात असलं कुणी करत नाही.

संध्याकाळी तिनं माझे दोन्ही हात धरले. "आजी, एक मागते. उद्या एक दिवस काही खोड्या करू नकोस. साखरमीठ नको, काही नको. मॅडम फार कडक आहेत. तू फक्त खुर्चीत बस."

"बसते."

"शपथ?"

"माझ्या गुडघ्यांची शपथ."

मॅडम सकाळीच आल्या. मूर्ती लहान, पर्स मोठी. खुर्ची ओढून नकाशासमोर बसल्या, पेन उघडलं. मी माझ्या खुर्चीत, हात मांडीवर, शोकेसमधल्या बाहुलीसारखी. सूनबाईनं चहा दिला. नात एकदा भिंतीवरच्या पहिल्या गाठीकडे बघत होती, एकदा जिन्याकडे.

जिन्यावरून कुणी आलं नाही.

मॅडमनी चहा संपवला. घड्याळ बघितलं. नकाशा बघितला. वरून गाठोड्याचं घोरणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"उठतात हां," नात म्हणाली. "रोज याच सुमारास उठतात. एकदम उठतात."

"हं," मॅडम म्हणाल्या. ('हं' म्हणणाऱ्या माणसाला मी जन्मभर घाबरत आले आहे. शिव्या देणारं माणूस परवडतं.)

सूनबाईनं दुसऱ्यांदा चहा आणला. नातीचे कान लाल झाले होते. लहानपणापासून रडू दाबलं की तिचे कान लाल होतात. मी मात्र शहाण्यासारखी बसून. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला माझ्याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती.

चहाचा कप ठेवायला सूनबाई वाकली आणि माझ्या कानात म्हणाली, "आई, आज पाणी चाललं म्हणून ओरडला नाहीत तुम्ही?"

"छे गं! शपथ घेतली आहे ना, आज एकही खो…"

आणि तिथंच मी भिंतीकडे बघितलं. पहिली गाठ, पाणी. दुसरी गाठ, शेकायची पिशवी. तिसरी गाठ, कुरिअर. लय कसली डोंबलाची! सगळ्या भिंतीभर मीच होते. आणि मी गप्प बसले म्हणून पोरीचं वर्ष बुडत होतं.

शपथेचा विचार केला. शपथ गुडघ्यांची होती, आणि गुडघे तसेही कामातून गेलेलेच होते.

"मी जरा औषध घेऊन येते हं," म्हणून उठले. मागच्या दारात गेले, छाती भरून श्वास घेतला.

"पाणी चाललं गंऽऽ!"

असा धडधडाट झाला! लांबडीचं डोकं चौकटीला, पुटपुटीच्या तोंडात ब्रश आणि ब्रशमागं कुठलं तरी कलम, गाठोडं पांघरुणासकट, हातात मग. तिघी मॅडमच्या नाकासमोरून न्हाणीघराकडे. मी मागून फिरून खुर्चीत परत.

"उशिरा," मॅडम म्हणाल्या, "पण एकदम." आणि काहीतरी लिहिलं. नातीचे कान जरा निवळले.

मुली वर जाऊन अभ्यासाला बसल्या. आता दुसरी गाठ. पण प्लग मॅडमच्या पायाशी. मी गुडघा धरून विव्हळले. जरा जास्तच विव्हळले असेन, सूनबाईनं डोळे मोठे केले.

"आजी, दुखतंय का फार?" मॅडम म्हणाल्या. कडक असल्या तरी माणूस बरं. "ही पिशवी का? कुठं लावू?"

"ती काळी पेटी काढा आणि तिथंच लावा, बाई. देव तुमचं भलं करो."

मॅडमनी स्वतःच्या हातानं पेटी काढली, स्वतःच्या हातानं पिशवी लावली. वर तीन खुर्च्या सरकल्या. नातीनं मॅडमना ओढतच अंगणात नेलं. वर गॅलरीत तिघी, हातात मोबाईल, दोन्ही हात आभाळाकडे.

"मोकळी हवा!" नात म्हणाली.

"खरंच की," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःही जरा हात ताणून बघितले.

इथं थांबले असते तर माझा पुतळा बसवला असता घरात. मॅडम मान डोलावत होत्या, दोन गाठी पटल्या होत्या. पण तिसरी उरली होती आणि यश माझ्या डोक्यात गेलं होतं. जेवणं झाल्यावर सगळे पुन्हा नकाशासमोर बसले तशी मी हळूच फाटकापाशी गेले. बेल दाबली. आवाज जाड केला.

"कुरिअर! पार्सल आहे!"

"आजी, आज माझ्या आधी?"

मागं वळून बघते तर खरा कुरिअरवाला. डोक्यावर हेल्मेट, हातात खोकं. हेल्मेटमुळे त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो गावाला ऐकू जाईल असा बोलतो. "रोज तर मी गेल्यावर ओरडता! आज काय, घाई आहे का कुठं जायची?"

जिन्याच्या पायरीवर तीन मुली. खिडकीत मॅडम. मॅडमच्या मागं नात.

"रोज?" लांबडी म्हणाली.

"रोज?" मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे रविवार सोडून," तो म्हणाला. (प्रामाणिक माणूस. असल्या माणसांना फाटकाजवळ येऊ देऊ नये.)

सगळे आत आले. मॅडम नकाशासमोर उभ्या राहिल्या. "आणि सकाळचं पाणी?"

"तेही यांचंच," सूनबाईनं सांगून टाकलं. सुना अशाच वेळेची वाट बघत असतात.

"आणि मोकळी हवा?" मॅडमनी काळ्या पेटीकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. "ते तर मीच केलं!"

"तरीच नेट जायचं आणि आम्ही गॅलरीत रेंज शोधायचो," पुटपुटी म्हणाली. "हा विश्वासघात आहे, आजी. याला कलम आहे."

नात मात्र जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. "म्हणजे माझा नकाशा खोटाच निघाला," एवढंच म्हणाली, आणि कान पुन्हा लाल.

मग मला बसवेना. मी मॅडमच्या समोर जाऊन उभी राहिले. "बाई, नापास करायचं तर मला करा. मला सवय आहे. पोरीनं यातलं काही बनवलेलं नाही. तिला काही माहीतच नव्हतं."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला. मग माझ्या टोपलीतून राहिलेली लोकर उचलली. एकच रंग उरला होता, काळा.

"नकाशा खोटा नाही," त्या नातीला म्हणाल्या. "अपुरा आहे. तीन धागे लावलेस, पण गाठी कोण मारतंय ते बघितलंच नाहीस. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हा चौथा धागा लाव आणि मग अ‍ॅपनं काय करायला हवं ते बघ." निघताना फाटकात थांबून मला म्हणाल्या, "आजी, आवाज चांगला काढता."

नातीनं काळी लोकर नेली आणि तिच्या खोलीत दार लावून काय काय केलं, मला दाखवलं नाही. मी विचारलंही नाही. शरमेनं काही दिवस मी पाणी, पेटी, कुरिअर सगळं बंद ठेवलं. (डबा तेवढा लपवायचे.) मुलीही माझ्याशी गोड बोलत. जाता येता मोबाईलवर काहीतरी दाबत. मला वाटलं, अभ्यास.

नात पास झाली. नुसती पास नाही, मॅडमनी सगळ्या वर्गासमोर तिचं अ‍ॅप उघडून दाखवलं. त्या आनंदात ती एका बाहीचा स्वेटर घालून घरभर नाचली. (दुसरी बाही अजून भिंतीवर आहे.)

पोरगी सुटली, मीही सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारात जाऊन आवाज दिला, "पाणी चाललं गं!"

वर एक पाऊल वाजलं नाही.

पेटी काढून पिशवी लावली. गॅलरी रिकामी. (मुलींनी आधीच अभ्यासाचं सगळं मोबाईलमध्ये उतरवून ठेवलं होतं, हे मागाहून कळलं.) दुपारी कुरिअरचा आवाज काढला. रस्त्यावरचं कुत्रं तेवढं आलं. मनाला लागलं हो. वाटलं, आवाज गेला आपला. म्हातारपण म्हणतात ते हेच.

तेवढ्यात जिन्यावर कुणाचा तरी मोबाईल टिंग वाजला. लांबडी विसरून गेली होती. मी उचलला आणि एकेक अक्षर लावत वाचलं: 'आजी आता कुंड्यांपाशी जातील. विचारल्यास कुरिअरवाला घाईत होता म्हणतील.'

मी कुंड्यांपाशीच निघाले होते.

असा संताप आला! म्हटलं, थांबा. वेळच बदलते. आता संध्याकाळी पाणी घालवते, बघू काय करता. दबकत मागच्या दाराशी गेले, श्वास घेतला, आणि वर टिंग. पुटपुटी काहीही वाचते ते मोठ्यानंच वाचते. "आजी चिडल्या आहेत. आज संध्याकाळी पाणी जाईल."

नातीला जाब विचारला. "त्या मेल्या अ‍ॅपला कळतं कसं गं?"

"आजी, त्यात कळायचं काय? मुलींचं काही ठरलेलं नसतं, कधी उठतील, कधी बसतील. घरात घड्याळासारखं वागणारी तू एकटीच. राग आला की काय करशील तेसुद्धा ठरलेलं."

अख्खा जन्म लोकांना चकवण्यात गेला आणि शेवटी हे ऐकायचं. असो. म्हटलं, एक गड अजून आपल्या ताब्यात आहे. बिस्किटांचा डबा. त्याची जागा रोज नवी. ती यांच्या बापालाही कळणार नाही.

त्या दिवशी असा लपवला, असा लपवला, की चहा घेऊन बसले आणि मलाच आठवेना. पलंगाखाली बघितलं. लोकरीच्या टोपलीत बघितलं. चपलांच्या मागं बघितलं. चहा निवायला लागला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि शेवटी जिन्याखाली उभी राहून मान वर केली.

"लांबडे, ए लांबडे! जरा तुझ्या मोबाईलमध्ये बघ गं, मी डबा कुठं ठेवला?"

"धुण्याच्या मशीनमध्ये, आजी," वरून आवाज आला. "काकू बाहेर गेल्या की तुम्ही तिथंच ठेवता."

तिथंच होता. हाताला जरा हलका लागला. झाकणावर बोटं टेकवली, आणि मी ते उघडायच्या आतच वर तिघी हसल्या.